बोट धरून आलेले मूल

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव वऱ्हाडात आबालवृद्धांस ठाऊक असते. पण दमयंतीही विदर्भाचीच लेक व कुंडिनपूर हेच तिचेही माहेर, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. नळराजा द्यूतात एकामागून एक डाव हरू लागला, तेव्हा दमयंतीने वार्ष्णेय सारथ्याला बोलावले, इंद्रसेन व इंद्रसेना ही आपली दोन्ही लेकरे रथात बसविली आणि त्यांना आजोळी पाठवून दिले. पुढे नळ-दमयंतीवर जे दिवस आले ते आपण कथाकीर्तनांतून ऐकले आहेतच. पण मुले सुखरूप होती. सगळी वाताहत संपल्यावर त्या दुभंगलेल्या संसाराची पुन्हा गाठ पडली, तीही ह्याच कुंडिनपुरात.

मुले निषध देशाची, आजोळ विदर्भ देशाचे. म्हणजे परराज्यातला प्रवास! तरी वेशीवरच्या पहारेकऱ्याने सारथ्याला विचारले नाही, की बाबा रे, ही मुले कोणाची? बापाची संमती आहे काय? वये काय? आणि ज्यांच्या घरी चालली, त्यांचे व ह्यांचे नाते कागदावर कुठे आहे?

आज रथाच्या जागी विमान आले आहे आणि वेशीच्या जागी परदेशी वकिलातीची खिडकी. अकोल्याची एखादी मुलगी अकाली वैधव्य आल्यावर किंवा घटस्फोटानंतर नव्याने संसार मांडते. नवरा जर्मनीत, इंग्लंडात किंवा अमेरिकेत नोकरीला असतो. तिचे पहिल्या घरचे एक लेकरू असते. ती जाते, पण लेकराला मागाहून न्यायचे ठरते, आणि तेथेच हे चारही प्रश्न उभे राहतात. कायद्याच्या भाषेत ह्याला ‘कुटुंबाचे पुनर्मीलन’ असे भारदस्त नाव आहे. त्या नावामागचा इतिहास मात्र मोठा चमत्कारिक आहे. आणि तो आपल्या वऱ्हाडाच्या अंगणाशी एकदोन ठिकाणी अगदी येऊन भिडतो. फराळाचे ताट पुढे असताना तो थोडा ऐकावा, म्हणून हा प्रपंच.

आधी आपले घर पाहू. धर्मशास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार मोजले. पोटचा तो औरस, दत्तक दिलेला तो दत्त, कुमारिकेला झालेला तो कानीन, विवाहाच्या वेळी आईच्या उदरात असलेला तो सहोढ, पुनर्विवाहित स्त्रीला नव्या पतीपासून झालेला तो पौनर्भव. यादी लांबलचक आहे. विकत घेतलेल्या व टाकून दिलेल्या मुलांनाही तीत जागा आहे. परंतु पहिल्या नवऱ्यापासून झालेले, चालते-बोलते, आईचे बोट धरून नव्या घरात आलेले जे मूल, त्याला ह्या बारांत निराळे नाव नाही. शास्त्राने ज्याला नाव दिले नाही, त्याला कायद्याने सहज ओळखावे, ही अपेक्षाच फोल होती.

लोकव्यवहार मात्र शास्त्रापेक्षा उदार असतो. वऱ्हाडातल्या कुणब्यामाळ्यांच्या व इतर कष्टकरी समाजांत पाट लावण्याची चाल जुनी. नवरा गेलेल्या बाईने पाट लावला म्हणजे लहान लेकरू पुष्कळदा तिच्याबरोबर येई. पहिल्या घरची शेती, तिकडचे आजा-आजी, इकडची नवी भावंडे, ह्या सर्वांत त्याची ओढाताण होई हे खरे. पण त्याला वेशीवर कोणी अडवीत नसे. ताटात भाकरी पडे, आणि पेरणीच्या दिवसांत हातात काम पडे.

१८५६ साली इंग्रज सरकारने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. त्याची थोरवी आपण शाळेत शिकवितो, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे तिसरे कलम सहसा कोणी वाचीत नाही. विधवेने पुनर्विवाह केला व मृत नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसला, तर त्या नवऱ्याच्या आईबापांनी, आजाआजींनी किंवा पुरुष नातेवाईकांनी कोर्टात अर्ज करून मुलांसाठी दुसरा पालक नेमून घ्यावा, अशी त्यात सोय होती. म्हणजे बाईला नवा संसार मिळाला. पण त्याची किंमत म्हणून लेकरू हातचे जाण्याची वाटही त्याच कायद्याने करून ठेवली. हा कायदा १९८३ साली रद्द झाला. ते तिसरे कलम मात्र लोकांच्या मनातून अजून पुरते रद्द झाले आहे, असे म्हणवत नाही.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपला वऱ्हाड प्रांत हाच मुळी दुसऱ्याच्या घरात वाढलेले मूल! १८५३ साली निजामाने तो इंग्रजांकडे सोपविला. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला. कारभार इंग्रजांचा, पण नावापुरता धनी निजाम. आणि १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी. बापाचे नाव एकाचे, पालनपोषण दुसऱ्याकडे. पुढे १९५६ साली हे मूल मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणून सावत्रपणाची कागदपत्रे हा विषय वऱ्हाडच्या माणसाला परका वाटू नये!

असो. आता समुद्रापलीकडे जाऊ. १८९७ चा डिसेंबर महिना अमरावतीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेला आहे. त्या महिन्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. सर शंकरन् नायर अध्यक्ष होते आणि आपले दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. त्याच वर्षाच्या आरंभी, १३ जानेवारी १८९७ रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान बंदरावर एक बॅरिस्टर उतरला व गोऱ्यांच्या जमावाने त्याला मारहाण केली, हा प्रसंग सर्वांस माहीत आहे. बोट बंदरात येऊनही उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून ठेवले होते, हेही पुष्कळांस माहीत असेल. पण त्या बोटीवर गांधीजींबरोबर कोण होते? कस्तुरबा होत्या, हरिलाल व मणिलाल हे दोन मुलगे होते, आणि आणखी एक मुलगा होता. त्याचे नाव गोकुळदास. गांधीजींच्या विधवा बहिणीचा, रळियातबेनचा, तो मुलगा. पोटचा नव्हे, तरी घरचा. कुटुंब म्हणजे काय ह्याची आपली कल्पना त्या एका बोटीवर सबंध दिसते.

आणि त्याच १८९७ साली नाताळ वसाहतीने परदेशी माणसांना अटकाव करणारा कायदा केला. ज्याला राहण्याचा अधिकार आहे त्याची बायको व अज्ञान मुले, एवढ्यांना त्यातून सूट ठेवली. बायको आणि मूल! शब्द किती सोपे! परंतु सूट दिली म्हणजे सूट कोणाला, हा प्रश्न येतोच, आणि पुढची शंभर वर्षे सरकारे व न्यायालये ह्या दोन शब्दांचाच कीस काढीत बसली.

पहिला कीस वयाचा निघाला. ट्रान्सवालमध्ये छोटाभाई नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा अज्ञान असताना रीतसर आला, आणि सोळा वर्षांचा होताच त्याची नोंद करण्यास अधिकाऱ्याने नकार दिला. म्हणजे लहान असताना तू बापाचा मुलगा, मिसरूड फुटताच परका! खालच्या कोर्टांत हरल्यावर १९११ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायालयात छोटाभाईंची सरशी झाली. दुसरा कीस विवाहाचा निघाला. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल ह्यांनी असा निर्णय दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह ह्या कामी धरता येणार नाही. एका लेखणीच्या फटकाऱ्याने हजारो गृहिणींचे गृहिणीपण गेले, आणि आईच पत्नी नव्हे म्हटल्यावर मुलांचा पायाही डळमळला. कस्तुरबा तुरुंगात गेल्या त्या ह्या अपमानापायी. नामदार गोखले १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वतः आफ्रिकेत जाऊन आले होते; सत्याग्रह पेटल्यावर प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी हिंदुस्थानात पैसा व लोकमत दोन्ही उभे केले. अखेर १९१४ साली तडजोडीचा कायदा झाला.

त्या कायद्याने एका पत्नीला मान्यता दिली आणि सोळा वर्षांखालच्या मुलाची व्याख्याही करून टाकली. मूल कोणते? त्या पुरुषाचे व त्या पत्नीचे. अथवा त्या पुरुषाचे व निवर्तलेल्या पहिल्या पत्नीचे. वाचकांच्या ध्यानात आले असेल, की बापाच्या पहिल्या घरच्या मुलाला येथे जागा आहे. आईच्या पहिल्या घरच्या मुलाला नाही. बापाने आणलेले पोर सावत्र आईने सांभाळावे, हे कायद्याला समजत होते. आईने आणलेले पोर सावत्र बाप सांभाळील, हे समजत नव्हते. १९१८ च्या साम्राज्य परिषदेत वसाहतींनी कबूल केले, की तेथे कायम वस्ती केलेल्या हिंदी माणसाला एक पत्नी व तिची मुले आणता यावीत. कानडाने १९१९ साली त्याप्रमाणे हुकूम काढला. १९१४ साली ज्या देशाने ‘कोमागाटा मारू’ बोटीवरील तीनशे शहात्तर उतारूंपैकी जवळजवळ सर्वांना परत पाठविले, त्याने पाच वर्षांनी बायकामुलांसाठी दार किलकिले केले, हे काही थोडके नव्हे.

बोट धरून आलेल्या मुलाचे नाव स्पष्टपणे घेणारा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, आणि तोही अमेरिकेत. १९५२ च्या तेथील कायद्याने ‘मूल’ ह्या शब्दाच्या व्याख्येत सावत्र मुलाला जागा दिली. अट एकच ठळक. ज्या विवाहामुळे हे नाते जुळले तो विवाह मुलाला अठरावे वर्ष लागण्यापूर्वी झालेला असावा. तेव्हा हिंदी माणसाला त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण १९४६ पासून साऱ्या हिंदुस्थानला वर्षाकाठी शंभर जागा. परंतु १९६५ साली देशवार वाटणी मोडली, कुटुंबाच्या नात्याला अग्रस्थान मिळाले, आणि तो जुना शब्द जिवंत झाला. योगायोग असा, की अमरावतीचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे व अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे. वऱ्हाडच्या खेड्यांतली मुले शिकून बाहेर पडू लागली, त्याच सुमारास तिकडचे दार उघडले.

ह्या व्याख्येतली आणखी एक खुबी पाहण्यासारखी आहे. दत्तक मुलासाठी त्या देशाच्या अटी अधिक कडक आहेत. सामान्यतः सोळा वर्षांच्या आत दत्तविधान झालेले हवे, आणि दोन वर्षांचा ताबा व सहवास दाखवावा लागतो. सावत्र मुलासाठी आईचा विवाह पुरे. म्हणजे आपल्याकडे ज्या शब्दाने तोंड कडू होते, तो ‘सावत्र’ शब्द तेथे किल्लीसारखा चालतो.

इंग्लंडची रीत निराळी. १९६२ च्या कायद्यानंतर सोळा वर्षांखालची मुले आईबापांपैकी एकाकडेही जाऊ शकत. १९६८ साली ते आवळले. दोघांपैकी एकच पालक तेथे असला, तर मुलाचा सर्व भार त्याच्याच शिरावर आहे हे पटवून देण्याची वेळ पुढे आली. सावत्र बाप तेथील नियमांत ‘पालक’ ठरतो, पण मुलाचा जन्मदाता मृत असेल तरच. युरोपातल्या बहुतेक राष्ट्रांनी मिळून २००३ साली जो नियम केला, त्यात पत्नीच्या किंवा पतीच्या आधीच्या अज्ञान मुलाला नेण्याची तरतूद आहे. मात्र मुलाचा ताबा त्या जोडीदाराकडे हवा, आणि ताबा दोघांत वाटलेला असेल तर दुसऱ्या पालकाची संमती हवी.

१९८५ साली इंग्लंडातच एक विलक्षण गोष्ट घडली. घानाहून परतलेला एक मुलगा त्या आईचा नव्हेच, असा संशय अधिकाऱ्यांनी घेतला. लेस्टर विद्यापीठातले शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज ह्यांनी नुकत्याच शोधलेल्या डीएनए परीक्षेने दाखवून दिले, की तो तिचाच. मूल आईच्या कुशीत परत गेले. जगात अशा कामी ह्या परीक्षेचा तो पहिला उपयोग. पण पाहा, ज्या लेकराविषयी आपण बोलत आहोत, त्याच्या सावत्र बापाला ही परीक्षा काय कामाची? रक्त एक नाही, हे तो स्वतःच सांगत असतो. माया तपासण्याची नळी कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. म्हणून अखेर कागद लागतो.

आणि कागद म्हटला की आपल्या घराकडे वळावे लागते. संविधान सभेत १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाची चर्चा चालू असता अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनी एक दाखला दिला होता. एखादे जोडपे विमानाने चालले आहे, विमान मुंबईस घटका दोन घटका उतरले, तेवढ्यात बाई प्रसूत झाली. तर केवळ तेवढ्याने ते मूल भारताचे नागरिक व्हावे काय? त्यांचा रोख असा, की नागरिकत्व इतके स्वस्त नसावे. सभेने त्या वेळी जन्माचे तत्त्व ठेवले. १९८७ पासून मात्र जन्माबरोबर आईबापांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली, आणि २००४ मध्ये ती आणखी कडक झाली. मूल भूमीचे की माणसांचे, हा प्रश्न पापळसारख्या गावातून गेलेल्या त्या शेतकरीपुत्राने इतक्या आधी मांडला होता, हे आपण विसरू नये.

माणसांचे म्हटले, तरी कोणत्या माणसांचे? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बाप हा नैसर्गिक पालक, त्याच्यानंतर आई असे ठरविले, आणि लगेच खाली खुलासा जोडला, की येथे ‘पिता’ व ‘माता’ ह्यांत सावत्र पिता व सावत्र माता येत नाहीत. म्हणजे अमेरिका ज्याला बाप म्हणते, त्याला भारताचा कायदा पालक म्हणत नाही. १९९९ साली गीता हरिहरन ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ ह्या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या गैरहजेरीत’ असा लावला व बाप जिवंत असतानाही आईला उभे राहण्यास जागा करून दिली. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टाचे नियम बदलून आईबापांपैकी एकाचे नाव पुरे झाले.

आणि २८ जुलै २०२२ रोजी अकेला ललिता ह्यांच्या खटल्याचा निकाल लागला. बाई विधवा, पुनर्विवाहित, लेकरू लहान. मृत पतीच्या आईबापांनी नातवाचे पालकत्व मागितले. उच्च न्यायालयाने मुलाचे आडनाव जुनेच ठेवावे व नव्या पतीचे नाव कागदोपत्री ‘सावत्र पिता’ म्हणून लावावे, असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. बापामागे आईच पालक, आडनाव ठरविण्याचा अधिकार तिचा, आणि ‘सावत्र’ असे कागदावर लिहायला लावणे हे मुलाच्या मनावर आघात करणारे क्रूरपण आहे, असे न्यायालयाने म्हटले. १८५६ च्या तिसऱ्या कलमाला मिळालेले हे उत्तर. यायला एकशे सहासष्ट वर्षे लागली.

आता कोडे पाहा. आपले सर्वोच्च न्यायालय म्हणते, सावत्र लिहू नका, मूल दुखावेल. परदेशची खिडकी म्हणते, सावत्र आहे हे दाखवा, तरच नाते सिद्ध होईल. दोघांचेही म्हणणे खरे. मधल्या मध्ये अकोल्याच्या शाळेतले एक पोर.

अशी पोरे माझ्या वर्गात बसली आहेत, म्हणून हे लिहितो. शाळेत दाखलखारीज नावाचे एक जाडे रजिस्टर असते. पहिलीत नाव घालताना त्यात जे लिहिले जाते, तेच पुढे दाखल्यावर, तेच पासपोर्टावर, तेच वकिलातीत. एका विद्यार्थ्याचे वडील तो चौथीत असताना गेले. दोन-तीन वर्षांनी आईने पुन्हा लग्न केले व ती नवऱ्याबरोबर जर्मनीस गेली. पोरगा आजाआजींपाशी राहिला. बापाच्या मृत्यूचा दाखला होता, म्हणून दुसऱ्या कोणाच्या संमतीची गरज नव्हती. आजोबांच्या सहीला कायद्यात जागाच नव्हती. तरी एक दिवस ते बोनाफाइड दाखला न्यायला आले आणि कोऱ्या कागदावर संमती लिहून द्या म्हणू लागले. मी म्हटले, आबाजी, हिची गरज नाही. ते म्हणाले, “मले मालूम आहे, गुरुजी. पन पोट्टं म्हनते, आबाजीनं सही केल्याबिगर मी जात नाई.”

मी कागद लिहिला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जुळवीत सही केली. मुलगा गेलेला, आता नातूही चाललेला. आणि म्हातारा स्वतःच्या हाताने त्याला मोकळा करीत होता. तो कागद वकिलातीच्या फायलीत कुठे लागला असेल, असे मला वाटत नाही. पण १८९७ पासूनचे जे कायदे वर सांगितले, त्यांतल्या एकातही न सापडणारी गोष्ट त्यात होती. मूल न्यायचे म्हणजे कोठून तरी न्यायचे असते, आणि त्या ठिकाणीही कोणाचे तरी काळीज असते. कायदा आईला मूल देतो ते न्यायाचेच आहे. आजाआजींची विचारपूस मात्र कायद्याने करायची नसते. ती आपण करायची.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल, त्यांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे वेळ दवडू नये. ह्या साऱ्या व्याख्या वयावर टांगलेल्या आहेत. सोळा, अठरा, एकवीस ही वर्षे परदेशच्या कायद्यात पाऊसपाण्यासारखी येतात आणि कोणासाठी थांबत नाहीत. जन्मदाखला, शाळेचा दाखला, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, ह्यांतील नावांचा एकमेकांशी मेळ आहे की नाही, हे लग्न ठरतानाच पाहावे. दुसरी गोष्ट अशी, की कागदावर कोणताही शब्द लिहावा लागो, तो घरात आणू नये. खिडकीवर ‘सावत्र’ म्हणून सही करणाऱ्या कित्येक बापांनी घरी तो शब्द उच्चारलाही नसेल.

धर्मशास्त्राच्या यादीत बारा पुत्र होते. देशोदेशीच्या कायद्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे झगडून, अडखळून, तुरुंग भरून त्यात तेराव्याची भर घातली. वऱ्हाडातल्या कष्टकऱ्यांनी ती भर ताटात आणखी एक भाकरी वाढून कधीच घातली होती. यंदा भाऊबीजेला ज्या घरी सात समुद्रांपलीकडून नव्या भावंडांत सामील झालेला एखादा भाऊ दूरध्वनीच्या पडद्यावर ओवाळून घेईल, त्या घरच्या आजीने अकोल्यात एक पणती त्याच्या नावाने जास्त लावावी. तिला कोणाची परवानगी लागत नाही.